डावं दार

हुबळी,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. दीपश्री,

पुष्कळ आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं मजेत. तू पुण्यात वेळेवर जेवतेस असं धरून चालतो. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस, म्हणून. माझी तब्येत ठीक आहे. तो विषय इथं संपला.

आता मुद्द्याचं. पाडव्याला तुला स्टेशनवर घ्यायला आपली जुनी फियाट येणार, आणि गडद निळ्या रंगात येणार! गोकुळ रोडच्या पुंडलिकच्या शेडमध्ये रंग मारायचाय. तो म्हणतो, "अण्णा, बिळी हच्चूण, पांढराच मारूया. तो सगळं झाकतो. निळ्यात पत्र्याची प्रत्येक लाट दिसते." मी म्हटलं, "असली तर दिसेल ना!"

शाळेतली कारकुनी सांभाळून मी हे काम शिकलो, कुणाच्या हाताखाली नाही. गंज खरवडला, पुट्टी भरली, प्रायमर मारला, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून तिरकं घासलं. नुसत्या बोटांनी पेपर धरणारे पत्र्यात नाल्या पाडतात. आणि माझा नियम तुला पाठच आहे: पुसलेल्या पत्र्याला कुणी हात लावायचा नाही. तपासायचं ते मीच, डोळे मिटून, तळव्याने.

गेल्या रविवारी डावं दार तपासून मी "आरसा!" म्हणून ओरडलो. तुझी आई भाकरी थापता थापता जेवायला बोलवायला आली होती. तिनं दारावरून हात फिरवला. पिठाचा!

"री, ऐकलंत का, इथं खड्डा आहे."

"हेमावती, हात काढ! ही काय भाकरी आहे?"

"भाकरीच समजा. मध्ये पातळ झालीय."

तिला खोटं पाडायलाच मी पीठ पुसलं, दारावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारला आणि वाळल्यावर ठोकळा फिरवला. असं केलं की उंच जागेवरचं काळं निघतं, खोलगट जागेत उरतं. सगळीकडचं निघालं. हँडलखाली वीतभर, जिथं तिनं पिठाची बोटं उमटवली होती तिथंच, रुपयाएवढा काळा डाग माझ्याकडे बघत बसला.

मी उजेडाला दोष दिला. मग पेपरला. मग पुट्टीच्या डब्याला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परवा चहाचं पातेलं नुसत्या हातानं उचललंत. मी ओरडले तेव्हा खाली ठेवलंत. बोटांना कळत नाही ना?"

दीपू, कळत नाही. दिवाळीपासून. तू साखर तपासा म्हणून मागे लागली होतीस, आणि मी दर वेळी गाडीचं काढत होतो. सांगणार कसं? माझ्याकडे या तळव्याशिवाय दुसरं सर्टिफिकेट नाही.

तेव्हापासून मी घासतो, आई तपासते. साबणानं हात धुऊन पाटावर बसते, देवासमोर मिटते तसे डोळे मिटते, आणि "इथं जाड, इथं बारीक" करत मला पळवते. शेजारच्या गोदावरीअक्का भिंतीवरून म्हणाल्या, "काय हो, गॅरेज उघडलं का?" ही म्हणते, "उघडलंय की. हे माझ्याकडे कामाला आहेत." मी इतका हसलो की पाण्याची बादली लवंडली.

डिकी तपासायला मात्र तिनं अट घातली: आधी डॉक्टर. गेलो. साखरेच्या गोळ्या बदलल्यात. बोटं पूर्ववत होतील की नाही ते सांगता येत नाही, पण आणखी बिघडू द्यायचं नाही, म्हणाले. पातेलं आता फडक्यानं धरतो. ओरडायचं असेल तर समोर येऊन ओरड.

काल पुंडलिक आला. वाकून दाराच्या कडेनं बघितलं, तळवा फिरवला, परत फिरवला. "निळाच मारूया अण्णा. तपासलं कुणी?"

"मी" म्हणायला तोंड उघडलं होतं. आई उंबऱ्यात चहा घेऊन उभी होती.

"हिनं," म्हणालो. पुंडलिकनं तिच्याकडून ट्रे घेतला आणि पहिला कप तिलाच दिला, बघ!

पाडव्याला स्टेशनबाहेर निळी गाडी शोध. आत बसण्याआधी डोळे मिट आणि डाव्या दारावरून हात फिरव. लाट सापडली तर मला सांगू नकोस, मालकिणीला सांग.

तुझा,
या वयात तुझ्या आईच्या हाताखाली काम शिकणारा,
अप्पा