गोल खिडकीतली सोबत

४ मार्च
आले बाई एकदाची! खोली छान आहे. खिडकीतून बंदर दिसतं, गादी जरा टणक आहे पण चालेल. नोकरीचं ऐकून आईने कपाळाला हात लावला होता. म्हणे, बुडालेल्या जहाजाचे फोटो जोडायला कोणी माणूस ठेवतं का? ठेवतात! आणि जहाज काही ऐरंगैरं नाही, जगभरातल्या शाळेतल्या पोरांनाही त्याचं नाव ठाऊक आहे. खाली इतका काळोख की एका फोटोत हातभर भाग दिसतो. असे ढीगभर फोटो जोडून मी अख्खं जहाज उभं करायचं. आई घरी एकटी आहे. रोज संध्याकाळी फोन करायचं कबूल केलंय. माझा जम बसला की तिला इकडेच आणणार.

७ मार्च
काम हाताला बसतंय. एकच जागा बऱ्याच फोटोंत येते. जे जागचं हलत नाही ते संगणक ठेवतो. मासा, गाळ, जे हलतं ते पुसून टाकतो. तो गोंधळला की मी खूण करायची, मग सगळे फोटो त्या खुणेवर बसतात. खाली जाऊन फोटो काढणाऱ्या पाणबुड्याला त्याच्या लांबलचक पायांमुळे सगळे बगळा म्हणतात. तो दारातूनच बजावून गेला की खूण फक्त लोखंडावर करायची. मी म्हटलं, नाहीतर काय माशाच्या नाकावर करू? हसला नाही. इथे कोणी फारसं हसतच नाही. दुपारी मी एकटीच जेवते.

११ मार्च
जहाजाच्या मागच्या बाजूला एक गोल खिडकी आहे. तिथले फोटो काही केल्या जुळेनात, लोखंड पार गंजून झडलंय. काचेआड मात्र एका बाईचा चेहरा दिसतो. गाळाची करामत असणार, पण प्रत्येक फोटोत जिथल्या तिथे! वैतागून तिच्या डोळ्यांवरच खुणा केल्या, आणि सगळं खटकन बसलं. साहेब स्वतः येऊन शाबासकी देऊन गेले. आता सकाळी संगणक लावला की मी तिला विचारते, काय बाई, झोप झाली का? हसा खुशाल. दिवसभर बोलायला दुसरं आहे कोण?

१५ मार्च
बगळ्याने चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्या खिडकीत कायम कोणीतरी असतं म्हणाला, पण हलत राहतं, म्हणून पुसलं जातं. आजवर कोणासाठी थांबलं नव्हतं. तू तिला पक्की केलीस, आत्ताच्या आत्ता खुणा काढ. काढल्या. ती खिडकीत नव्हतीच, नुसती काच. हायसं वाटायचं सोडून मला रडूच फुटलं. एवढी एक सोबत होती, तीही गेली.

१६ मार्च
आई फोनवर भलतीच खुशीत. म्हणाली, काल न सांगता आलीस, किती बरं वाटलं, पण केस ओले ठेवू नकोस, सर्दी होईल. मी म्हटलं, आई, मी इथेच आहे. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग घाईने फोन ठेवला. आतून कोणीतरी तिला हाक मारली होती. आई, अशी.

१७ मार्च
घरी जायला निघाले. तिकीट देणारा माझ्या मागच्यालाच विचारत राहिला, कुठे जायचं. मी समोर उभी, ओरडतेय— गाडी गेली. बगळा रस्त्यात भेटला. दंड धरून हलवलं त्याला. नुसता शहारला आणि चालू लागला.
कामावर आले. नवे फोटो आलेत. खिडकीत आता मी. माझा चष्मा, माझी वेणी. डोळ्यांवर खुणा. मी केल्या नाहीत. पुसल्या जात नाहीत—

१८ मार्च
आईने फोन उचलला. खोकत होती. घरात पाणी कुठून येतंय कळत नाही म्हणाली, घोट्यापर्यंत आलंय. मी जिवाच्या आकांताने सांगितलं, ती मी नाही, बाहेर पड, शेजारी जा. आई नुसती हॅलो हॅलो करत राहिली. माझं काहीच तिला—
तिच्या मागून माझाच आवाज. कोण गं आई?
आई म्हणाली, कोणी नाही गं राणी. बस तू. मी दार लावून आले.

पुन्हा लावतेय. वाजतोय. उचल ना गं. आई, ती