सारवणावरची पावलं

जयू,

मी खोडाळ्याच्या बाजाराला चालले. भाकरी टोपलीत झाकून ठेवल्यात. अंगण आत्ताच सारवलंय, म्हणून आजचा कुंग फूचा सराव पडवीत कर.

आपण दोघी बहिणी एकाच सरांकडं शिकलो. माझ्या वाट्याला चूल आली आणि ठाण्याच्या स्पर्धेला तू निघालीस. तुला रोज अंगणात फॉर्मची ठरलेली पावलं टाकताना बघून माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला लिहू.

ओल्या सारवणावर पावलं दिसतील, ती माझी. तू उठायच्या आधी मीही रोज तोच फॉर्म करते. आज मुद्दाम ओल्यावर केला. सातव्या पावलाला तुझी टाच चुकून वर राहते, माझी पूर्ण उमटलीय. नीट बघून घे, मग हवं तर पुसून टाक.

हिरी