पतंगावरचं नाव

२ नोव्हेंबर, रविवार

रसेलने आमच्या अँगसचा पतंग देऊन टाकला. मला न विचारता!

जेवताना सांगितलं, तेही बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवत. "गॅरेजात सडत होता, लोरेन. तीन वर्षं झाली." दिला कुणाला, तर ब्रॉडीला. शेवंडांच्या बोटीवर कामाला असतो तो. सत्तावीस वर्षांचा घोडा, सगळीकडे अनवाणी हिंडतो. "त्याला शिकायचाय म्हणे. निदान वापरला तरी जाईल."

बटाटे तसेच टाकून उठले.

३ नोव्हेंबर

रसेलशी अबोला धरलाय. त्याला अजून कळलेलं दिसत नाही.

५ नोव्हेंबर

कप विसळत होते. दुपारचा एक वाजला, दक्षिणेचा वारा सुटला, स्वयंपाकघराचा पडदा आत आला — आणि खिडकीत तो. नारंगी, काळ्या पट्ट्याचा. अँगसचा पतंग, पाण्यावर, अँगस उडवायचा तिथेच. खाली त्याच्या ओढीने फळीवरून पाणी कापणारा माणूस, ठिपक्याएवढा. इतक्या लांबून कोण ते कळत नाही.

कळत नाही, म्हणून मी बघत उभी राहिले. नळ तसाच चालू. ब्रॉडी आहे हे ठाऊक होतं मला. तरी मान वळवली नाही. वळवली असती तर तो ब्रॉडीच झाला असता.

६ नोव्हेंबर

आज किनाऱ्यावर गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

ब्रॉडीला पतंग वाळूतून फरफटत नेत होता आणि तो खिदळत होता. दोन्ही गुडघे सोललेले. मी म्हटलं, मारेकेकडे जा, शिकून घे आधी. मारेके म्हणजे इथली डच बाई, किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला तिचा वर्ग असतो. हा हसायला लागला. "शिकवणी? ती बाहेरून येणाऱ्या बॅकपॅकरांना असते, मिसेस प्रायर. मी तिसऱ्या वर्षापासून या पाण्यात आहे. लाटांवर फळी चालवतो, व्हिडिओ बघितलेत, आणखी काय लागतं?"

अँगसही हेच म्हणाला होता. "आई, मी इथला आहे." इथल्या पोरांना हीच एक लाज — आपल्याच समुद्रात, परक्या बाईच्या हाताखाली, जर्मन पाहुण्यांच्या रांगेत उभं राहायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं. लिहून गेले खरं. खोडत नाही.

अँगस मार्चमध्ये गेला, सकाळी, एकटा. पतंग नऊ मैलांवर मिळाला. तो मिळाला नाही.

पतंग गुंडाळताना ब्रॉडीला कडेचं नाव दिसलं. अँगस प्रायर, खाली फोन नंबर. अक्षर माझं आहे. इथे सगळेच लिहितात — पतंग कुठे वाहत गेला तर सापडणाऱ्याने फोन करावा म्हणून. ब्रॉडी ओशाळला. "हे पुसून माझं घालतो."

मी म्हटलं, "राहू दे. घाई काय आहे."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन वाजला.

अँगसचा. चमच्यांच्या खणात असतो. दर रविवारी मी तो चार्ज करते, रसेल वायर बघतो आणि पेपर उघडतो. एरवी जाहिरातवाल्यांखेरीज कोणी करत नाही. आज एक बाई. "सागरी बचाव पथकाकडून बोलतेय. नारंगी पतंग खडकांवर अडकलाय, माणूस दिसत नाही. अँगस ठीक आहे ना? पाण्याबाहेर आलाय ना?"

 ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. शेवटी फोन रसेलने घेतला. काय म्हणाला ते मी ऐकलं नाही.

दोन तास बोटी फिरत होत्या, वर विमानही. ब्रॉडी कुठे, तर घरी, मांस भरलेली पेस्ट्री खात! पतंग हातातून सुटला, हा पोहत बाहेर आला आणि कुणाला न कळवता घरी चालता झाला.

संध्याकाळी ती बाई आली. गेल नाव. पथकात नवी आहे, तिला आमचं काही ठाऊक नव्हतं. बिचारी रडवेली झाली होती. मीच चहा केला. ती सांगत होती, "त्या नंबरवरून कुणी म्हणेपर्यंत शोधावंच लागतं. सुखरूप आहे, एवढा एक शब्द आला की आम्ही परत फिरतो." आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाली, "त्या मुलाला स्वतःचा नंबर घालायला सांगा. कृपा करून." मी हो म्हटलं.

पण गेल गेल्यावर एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. ठीक आहे ना? आलाय ना? तीन वर्षं सगळे त्याच्याबद्दल "होता" म्हणतात. पाद्री, शेजारी, रसेलसुद्धा. मला कुणीतरी "आहे ना" विचारलं. मला ते आवडलं. इथे खोटं कशाला लिहू?

२० नोव्हेंबर

रसेल बाजारात गेला होता. घरच्या फोनवरून अँगसचा नंबर फिरवला. खणात वाजला. सहा वेळा. चमचे थरथरले.

उचलला नाही.

२२ नोव्हेंबर

ब्रॉडी पतंग घेऊन आला. बोळा, स्पिरिट, काळा मार्कर, सगळं बरोबर. गेलने त्याला चांगलंच झापलं असावं. मी म्हटलं, ठेवून जा, मी करते, तू आडवंतिडवं लिहिशील. खूश होऊन गेला.

अंगणात पतंग पसरला. होजने मीठ धुतलं. ऊन कडक होतं, लगेच वाळला. अक्षरं बरीच फिकट झाली होती, 'प्रायर' तर जवळजवळ गेलंच होतं. स्पिरिटची बाटली उघडली, वास घेतला, बंद केली.

मग मार्कर घेतला आणि त्याच अक्षरांवरून फिरवला. एकेक अक्षर, एकेक आकडा. 

संध्याकाळी ब्रॉडी गुंडाळलेला पतंग घेऊन गेला. उघडून पाहिलाही नाही. "तुम्ही फार चांगल्या आहात, मिसेस प्रायर."

२३ नोव्हेंबर

काल जे केलं ते ब्रॉडीला सांगायचं. आज नक्की.

नाही सांगितलं.

२९ नोव्हेंबर

मारेकेकडे गेले. तीन वर्षं जे विचारायचं टाळलं ते विचारलं — अँगस तुझ्याकडे आला असता तर काय शिकला असता?

ती आत गेली, पतंगाला अडकवायचा पट्टा आणला आणि माझ्याच कमरेला बांधला. साठीची बाई मी, फुलाफुलांच्या झग्यावर तो पट्टा! पहिल्या दिवशी पाण्यात पाऊल टाकायचं नाही, म्हणाली. वाळूवरच. पुढ्यात एक लाल मूठ असते, ती ढकलली की पतंगाचा जोर संपतो. डोळे मिटून दहा वेळा ढकलायला लावली. "घाबरलं की माणूस पतंगाचा दांडा घट्ट धरतो, लोरेन. सगळेच धरतात. सोडायचं कसं हेच मी आधी शिकवते." सहाव्या वेळी माझा हात आपोआप जायला लागला.

मग वारा. दुपारचा दक्षिणेचा, तो तुम्हाला किनाऱ्याकडे आणतो. सकाळचा पूर्वेचा, तो मतलई. जमिनीवरून समुद्रात जाणारा. तेव्हा काठाचं पाणी अगदी ताटात ओतल्यासारखं सपाट असतं, नवख्याला वाटतं, वा, किती सोपं! त्या वाऱ्यात जायचं नाही. कधीच नाही. तो फक्त नेतो.

एवढंच. मी विचारलं, किती वेळ लागतो हे शिकवायला? "दोन तास," ती म्हणाली.

दोन तास! अँगसला दात काढायला न्यायला याहून जास्त वेळ लागला होता. घरी येऊन रसेलला सांगितलं. तो बागेत गेला आणि अंधार पडेपर्यंत आत आला नाही.

३० नोव्हेंबर

ब्रॉडीचे कान उपटले. अँगसचं सगळं सांगितलं, मूठ, मतलई, दोन तास. पहिल्यांदाच तो हसला नाही. मारेकेकडे जायला कबूल झाला. शनिवार, तेरा तारीख, दुपारी दोन. मी स्वतः तिच्या वहीत त्याचं नाव लिहून आले.

आज बरं वाटतंय. हा तरी वाचेल.

७ डिसेंबर

मारेके दुकानात भेटली. सहज म्हणाली, शिकवायच्या आधी ती प्रत्येकाच्या पतंगावरचं नाव तपासते. चुकीचं असेल तर तिथेच पुसायला लावते.

फोन चार्ज केला.

९ डिसेंबर

आज खिडकीतून पतंग दिसला नाही. वारा चांगला होता. ब्रॉडी बोटीवर असेल. चार वाजेपर्यंत उभी होते. रसेल म्हणाला, "कुणाची वाट बघतेयस?"

"कुणाची नाही."

१२ डिसेंबर, शुक्रवार

ब्रॉडी बोटीवरचे दोन शेवंड द्यायला आला होता. मन चांगलं आहे त्याचं. दारातच म्हणाला, "उद्या सकाळी जरा हात बसवून घेतो. नाहीतर दुपारी सगळ्या पाहुण्यांसमोर हसं व्हायचं माझं."

वर्गात जाण्याआधी घरून शिकून जायचं! मी म्हटलं, सकाळी नको, सकाळी मतलई असतो, सांगितलंय ना तुला.

"हो, हो. काठाकाठानेच."

पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. दंड धरून सांगायला हवं होतं, मारेकेला फोन करायला हवा होता. मी शेवंड घेतले आणि दार लावलं. नको म्हणाले मी, पण नुसतं म्हणाले.

उद्या दोन वाजता ते नाव पुसलं जाणार. दुपारभर दुसरं काही सुचलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळचे साडेनऊ. पूर्वेचा वारा, पडदे खिडकीबाहेर उडतायत. रसेल न्हाणीघरात.

फोन वाजला. खणातला. पुरुषाचा आवाज, अनोळखी, उत्तरेकडच्या बंदरातल्या बचाव पथकातून. एका मच्छीमाराला नारंगी पतंग दिसला, समुद्रात सहा मैल आत, जवळ माणूस नाही. "बोटी काढतोच आहोत. तेवढं विचारून घेतो — अँगस प्रायर सुखरूप आहे का?"

मी म्हटलं, "आहे. घरीच आहे. आत्ताच उठला."

"देवाची कृपा," तो म्हणाला. "मग बोटी थांबवतो."

तवा तापत ठेवला. तीन अंडी काढली.