चावी ह्यांच्या हातात

दि. १७, रविवार, दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. शेक दिल्याने गुडघ्यांना उतार आहे हे वाचून बरं वाटलं, पण तेवढ्यावर लगेच जिने चढायला लागू नका. आम्ही दोघं ठीक. हे आता दोन्ही वेळा नीट जेवतात. फोनच करणार होते, पण आमचं घर केवढंसं, आणि मी फोन उचलला की तुमच्या भावाचे कान इकडे. म्हणून कागद घेतला.

तुम्ही ह्यांच्या लेथ मशीनसाठी गिऱ्हाईक बघितलंत, महिनाअखेर त्याला घेऊन येताय, आणि मग आम्ही दोघांनी तुमच्याकडेच राहायला यावं म्हणता. तुमचं काहीच चुकलं नाही. ह्यांनीच तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, विकून टाक म्हणून. त्यावर मला बरंच लिहायचंय. पण आधी एक बातमी देते, खुर्चीला धरून बसा. मी लेथ शिकते आहे.

हसलात ना? हसा. जन्मभर कापड कापलेली बाई आता लोखंड कापायला लागली. शिकवणारे अर्थातच तुमचे भाऊ. मागच्या खोलीत स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत असतात.

पहिला धडा चकचा. चक म्हणजे लेथचा जबडा. त्यात तुकडा आवळून धरायचा, तो गरागरा फिरतो, आणि टूल, म्हणजे कापायचं पातं, पुढे सरकवत त्याला तासायचं. चक आवळायला एक चावी असते. ती चकातच विसरून बटण दाबलं, तर सुटून थेट तोंडावर येते. म्हणून ह्यांनी नियम केला, चावी ह्यांच्या तळहातावर पडल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. मी आवळते, चावी देते, हे मूठ मिटतात आणि म्हणतात, "हं, लाव आता." शाळेतल्या हेडमास्तरांचा नसेल एवढा रुबाब.

दुसरा धडा तुकड्याचं तोंड सपाट करायचा. कडेपासून मध्यापर्यंत टूल न्यायचं, एवढंच. पण टूलचं टोक बरोबर मध्याच्या उंचीला हवं. जरा खाली असलं की मधोमध बारीकशी पुळी उरते. माझी उरलीच. मशीन बंद करून तुकडा ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी त्यावर अंगठा फिरवला आणि कडाडले, "टूल खाली आहे! त्याच्याखाली पत्र्याची पट्टी सरकव. शर्टाला बाही उलटी लावलीस तर चालेल का तुला? मग हे कसं चालतं?"

तुम्ही म्हणाल, अंगठा कशाला? डोळ्यांना दिसत नाही का त्याला?

नाही दिसत, वन्सं.

लिहिलं एकदाचं. इतके महिने तुम्हाला खोटं सांगत आले. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं. हे दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे आणि म्हणायचे, चष्मा बदलायला झालाय. स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, ताकाला तूर लागू द्यायचे नाहीत. डॉक्टरांकडे नेलं तोवर उशीर झाला होता. डोळ्यांची नस वाळली आहे, गेलेली नजर परत यायची नाही म्हणाले. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मला निक्षून सांगितलं, "ताईला कळता कामा नये. ती रडेल, आणि ते मला ऐकवणार नाही."

मग हे गप्प झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताट अर्धं तसंच. विचारलं तर हूं नाही की चूं नाही. आंधळेपणाची मला तेवढी भीती वाटली नाही, वन्सं, त्या गप्प बसण्याची वाटली. हा माणूस असाच भिंतीकडे तोंड करून जाणार, असं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात गिऱ्हाईक मिळाल्याचा तुमचा आधीचा निरोप आला. मशीन पुसून ठेवावं म्हणून मागच्या खोलीत गेले. चालतं तरी का बघू, म्हणून बटण दाबलं आणि हे फिरवायचे तसं एक चाक फिरवलं. टूल जाऊन तुकड्यावर असं किंचाळलं की मीच दोन पावलं मागे सरले. बघते तर हे भिंत चाचपत दारात उभे. "बंद कर! आधी बंद कर! त्या टूलचा जीव घेतेस का?" केवढा तो आवाज! घटकाभर बोलणी खाल्ली. आणि त्या दिवशी ह्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली.

मग काय, दुसऱ्या दिवशी मी शिकायलाच उभी राहिले. हात बसला लवकर. शिवणकामाने हाताला सवय असतेच. पण मनात धास्ती, मला आलं की हे पुन्हा जाऊन पडतील. म्हणून रोज गुपचूप टूलखालची पट्टी काढायची, पुळी ठेवायची आणि बोलणी खायची. बोलणी खाऊन इतकी सुखी झालेली बाई तुम्ही पाहिली नसेल.

काल ओट्याखालच्या खणासाठी पितळेची मूठ करत होते. घरात लेथ असून इतकी वर्षं त्या खणाला मूठ नाही, दिव्याखाली अंधार! पितळ कसं सोन्यासारखं उलगडत होतं, मी रंगून गेले आणि पट्टी काढायची राहिलीच. ह्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

मग म्हणाले, "आज पुळी ठेवायला विसरलीस?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अगं, टूल खाली असलं की मध्याशी येताना कुरकुरतं. सुरुवातीला खरंच चुकलीस. नंतरचं सगळं नाटक."

"मग बोलला का नाहीत?"

जरा वेळ चावी या हातातून त्या हातात करत राहिले. "तुला येतंय म्हणून कबूल केलं असतं, तर तू शिकायला यायची थांबली असतीस. मग मी या स्टुलावर कशाला बसायचं?"

मला रडू आवरेना. हेही रडले, वन्सं. डोळे गेले तेव्हासुद्धा रडले नव्हते. रडून झाल्यावर म्हणाले, "आता मुद्दाम चुकायचं बंद. उद्यापासून स्क्रूचे आटे पाडायला शिकवतो, तिथे आपोआपच चुकशील." आणि थोड्या वेळाने, "ताईला लिही. डोळ्यांचंही लिही."

तेव्हा गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. राहायलाही आम्ही येत नाही, राग मानू नका. तुम्ही मात्र या. रडायचं असेल तर इथे येऊन रडा, आता ऐकवेल त्यांना.

शेवटच्या ओळी स्वतः लिहायच्या म्हणून हट्ट धरून बसलेत. पेन हातात दिलंय. अक्षर माझ्या ओळींवर चढेल, सांभाळून घ्या.

तुमची,
लाडकी नसले तरी एकुलती एक भावजय

ताई,
लेथ द्यायचा नाही. ही अजून कच्ची आहे. शिकवायचं पुष्कळ राहिलंय.
तू ये.
तुझा धाकटा