ढवळओढ्याचे खो-खोचे खांब पूजेतून सुटण्याबाबत

प्रति,
मा. संयोजक साहेब,
शालेय खो-खो स्पर्धा (सतरा वर्षांखालील मुली),
सांगली.

अर्जदार : रेश्मा कृष्णात खराडे, क्रीडाशिक्षिका, भैरोबा हायस्कूल, मौजे ढवळओढा, जि. सांगली. (मूळ राहणार कुपवाड)

विषय : आपण स्वतः येऊन ग्रामदैवताच्या पालखीला पुढून खांदा देणेबाबत.

संदर्भ : आमच्या मैदानावर झालेल्या जिल्हा अंतिम सामन्याच्या बक्षीस समारंभातील आपले भाषण, विशेषतः त्यातील शेवटचे वाक्य.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय विनंती की, विषय वाचून आपण हा कागद बाजूला सारला असेल तर कृपया पुन्हा हाती घ्यावा. माझे डोके ठिकाणावर आहे. निदान अर्ज लिहायला बसले तेव्हा होते. अर्जावर शाळेचा शिक्का नाही व मुख्याध्यापकांची सही नाही, त्याचे कारण खाली कलम ३ मध्ये येईल.

१) आमच्या मुलींनी जिल्हा जिंकला तो दिवस आपण पाहिलाच आहे. शेवटचा गडी सोनमने खांबावर झेप घेऊन बाद केला आणि गावाने मैदानात धाव घेतली. गुलाल इतका उधळला की मुक्कामाच्या एस.टी.चा ड्रायव्हर गाडी थांबवून उतरला आणि तोही लाल होऊन गेला. त्यानंतर आपण भाषणात म्हणालात, "ढवळओढ्याच्या या खांबांची तर पूजाच केली पाहिजे!" टाळ्या पडल्या. माझ्याही पडल्या. आपण गाडीत बसून सांगलीला गेलात. वाक्य मात्र इथेच राहिले, साहेब.

२) आपल्या माहितीसाठी येथील रीत नमूद करते. खंडेनवमीला गावातले प्रत्येक हत्यार-अवजार भैरोबाच्या देवळात पूजेला मांडतात. विळा, खुरपे, पहार, सुताराचा रंधा, गवंड्याची थापी, झाडून सगळे. एकदा हळदकुंकू लागले की दसऱ्याला संध्याकाळी पालखी गावची शीव ओलांडून परत येईपर्यंत, म्हणजे इकडच्या बोलीत शिलंगण होईपर्यंत, त्यातले काहीही उचलायचे नाही. एरवी हा एका दिवसाचा प्रश्न असतो. माणसे तेवढाच आराम करतात, पुरणपोळी खातात.

३) यंदा गावच्या बैठकीत ठराव झाला की संयोजक साहेबांनीच जाहीर सांगितले आहे, तेव्हा खांब पूजेत पाहिजेतच. मी हरकत घेतली. तेव्हा गावचे ज्येष्ठ आणि पालखीचे मानकरी आप्पासो म्हणाले, "म्याडम, सरकार सांगतंय आन् तुमी न्हाई म्हंताय?" मग खांब उपटले. वाजतगाजत नेले. एवढ्यावर थांबले असते तर मी तोंड मिटून बसले असते. पण उत्साहाला आवर नाही. खांबांपाठोपाठ मुलींचे बूट नेले, गणवेश नेले, माझी शिट्टी गळ्यातून काढून नेली. मग शाळा तरी मागे का, म्हणून घंटा गेली, कार्यालयाचा शिक्का गेला आणि मुख्याध्यापकांचे सहीचे पेन गेले. ते दुसऱ्या पेनाने सही करायला तयार नाहीत. म्हणतात, "मॅडम, मला याच गावात राहायचंय." हे पेन माझे, कुपवाडहून आणलेले. त्याची पूजा झालेली नाही.

४) दसरा झाला. शिलंगण झाले नाही.

कारण असे की पालखीचा पुढचा खांदा परंपरेने वरच्या आळीचा. यंदा खालची आळी म्हणाली, शेवटचा गडी सोनमने मारला, सोनमची मेंढक्यांची वस्ती आमच्या अंगाला, तर यंदाचा पुढचा खांदा आमचा. वरची आळी म्हणाली, कॅप्टन प्रियदर्शनी आमची, आप्पासोंची नात, खांदा सोडणार नाही. त्या संध्याकाळपासून पालखी देवळाच्या पायरीवर आहे. एका बाजूला वरची आळी सतरंजी टाकून बसली आहे, दुसऱ्या बाजूला खालची. भांडण नाही, शिवीगाळ नाही. एकमेकांना चहा देतात. फक्त कोणी उठत नाही.

५) परिणाम काय झाला तो आता सांगते. शिवारात सोयाबीन वाळून उभे आहे, शेंगा तडकायला लागल्या आहेत आणि विळे देवळात आहेत. लोक शेजारच्या गावाहून गुपचूप विळे आणतात व कापणी झाकून करतात. शाळेत तास संपला की शिपाई बाळासो वऱ्हांड्यात उभे राहून "टण टण टण" असे तोंडाने ओरडतात. पोरे हसून लोळतात. मलाही हसू येते आणि मग रडू येते.

खांब दुसरे रोवावेत असे आपण म्हणाल. मीही म्हणाले. खड्डा कशाने खणू? पहार पूजेत. पहार बाहेरून आणली तर खांब कुठून आणू? ज्या शाळेला आम्ही तालुक्यात हरवले त्या शाळेत गेले होते. तिथले मुख्याध्यापक गोड हसून म्हणाले, "तुमचे खांब देवळात गेले, आमचे तरी जमिनीत राहू द्या." बरे झाले, माझी शिट्टी तेव्हा गळ्यात नव्हती. फेकून मारली असती.

६) खांबाशिवाय खो-खोचा सराव होत नाही हे आपणास मी काय सांगावे. पाठलाग करणारीला मध्येच मागे वळता येत नाही, खांबाला वळसा घालूनच दिशा बदलता येते. खांब नाही तर खेळ म्हणजे नुसती पळापळ. सबब सध्या पुढील व्यवस्था केली आहे : मैदानाच्या एका टोकाला बाळासो उभे राहतात आणि दुसऱ्या टोकाला माजी हवालदार मानसिंग.

मानसिंग हवालदार सहा फुटी आहेत. खांबाची उंची छातीइतकी हवी, म्हणून ते गुडघ्यावर बसतात. हात अंगाला चिकटवलेले, नजर समोर. मुली धावत येतात, त्यांच्या मानेला हात घालून गर्रकन वळतात. काल सोनमने झेप घेतली तेव्हा त्यांच्या सदऱ्याची कॉलर बटणांसकट तिच्या हातात आली. मी म्हणाले, काका, जरा अंग चोरा. तर म्हणाले, "पोल हलत नसतोय, म्याडम." त्यांचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला आहे. घरून सूनबाई रोज तेल घेऊन मैदानावर येतात आणि माझ्याकडे असे पाहतात की जमीन फाटून पोटात घेईल तर बरे.

७) आता मुख्य मुद्दा. इथपर्यंत मी ज्या मुलीचे नाव घेतले त्या सोनमबद्दल.

विभागीय सामने येत्या शनिवारी साताऱ्यात आहेत. तिथे निवासी क्रीडाशाळेचे निवडकर्ते येणार आहेत, हे आपणच मला सांगितले होते. निवड झाली तर राहणे, खाणे, शिक्षण सगळे तिथे. सोनमसाठी ही एकच वाट आहे, दुसरी नाही. तिचे वडील आकाराम मेंढरे राखतात. दसऱ्याचे सोने वाटले की त्यांची मेंढरे फलटणच्या बाजूला उतरतात आणि घरातली सगळी माणसे बरोबर जातात. तिच्या थोरल्या बहिणीची शाळा अशीच एका दसऱ्याला सुटली ती सुटलीच. मी आकारामना शनिवारपर्यंत थांबण्याची विनंती केली. ते म्हणाले, "लय दिस थांबलो, म्याडम. हितं चारा सपला. मेंढरं काय देवळात बसवून ठिवता येत न्हाईत. तुमचा ख्योळ हुतोय का न्हाई, ते तरी नीट सांगा." पूजेतून बूट-गणवेश सुटल्याशिवाय संघ साताऱ्याला पाठवणार नाही, असे गावाने सांगितले आहे. देवाचा कोप नको म्हणे. म्हणजे पालखी हलेना, म्हणून संघ हलेना, आणि शनिवारच्या आतच सोनम मेंढरांमागे निघून जाईल. गावाला तिचा इतका अभिमान की त्या अभिमानापायी तिचे वाटोळे चालले आहे, साहेब! माझा जीव थाऱ्यावर नाही. हा अर्ज लिहितानाच मी कितीदा उठले, मैदानावर जाऊन आले, परत बसले.

८) तरी विनंती की, आपण उद्या-परवा ढवळओढ्यास यावे आणि पालखीला पुढून खांदा द्यावा. सरकारी खांद्याला वरच्या आळीची हरकत नाही आणि खालच्या आळीचीही नाही, हे मी दोन्ही सतरंज्यांवर बसून, दोन्हीकडचा चहा पिऊन विचारून घेतले आहे. शीव जवळच आहे, फार चालावे लागणार नाही. उंचीचा प्रश्न असल्यास मागचे लोक वाकतील. तेही शक्य नसल्यास, भाषणातील ते वाक्य आपण केवळ बोलण्याच्या भरात म्हणालात, अशा दोन ओळी लेखी द्याव्यात. मी त्या देवळात वाचून दाखवीन, मग गावाला माझे काय करायचे ते करू दे.

आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेली (बसवत नाही, तरीही),

रेश्मा कृष्णात खराडे
क्रीडाशिक्षिका

दिनांक : कोजागरीचा दिवस, दुपार. (तारखेचा शिक्का पूजेत.)

सोबत : १. हवालदार मानसिंग यांची फाटलेली कॉलर, बटणांसह. २. दोन्ही आळ्यांची ना-हरकत, तोंडी.

ता.क. : अर्ज पाकिटात घालायचा राहिला आणि संध्याकाळी पुढील प्रकार घडला. आता वेगळा अर्ज लिहायला सवड नाही, म्हणून याच कागदावर कळवते.

सरावात हवालदारांचा गुडघा गेला. एकदम कलंडले. मुली धावल्या तर म्हणतात, "पोल पडल्याला न्हाई, बसलाय. ख्योळा तुमी." कोणी खेळेना. प्रियदर्शनीने त्यांना सावलीत टेकवले आणि ती सरळ देवळाकडे चालू लागली. तिच्यामागे सोनम, मग सगळ्याच, आणि मी बोंबलत मागे.

तिने पालखीच्या दांडीला हात घातला. आप्पासो उठून उभे राहिले, "आगं ये, पोरींनी पालखी उचलायची रीत न्हाई." ती म्हणाली, "आवं आजा, आमचं बूट पूजंत, कापडं पूजंत, खांब पूजंत. मंग आमीच तेवढ्या भायेर कशा? आमीबी देवाच्याच की." खालची आळी हसली. तेवढ्यात पालखी उठली.

आणि ती कशी नेली ते ऐकावे. निम्म्या मुली वाटेवर पुढे जाऊन ओळीत बसल्या, एकीचे तोंड वरच्या आळीकडे, एकीचे खालच्या, जशा मैदानात बसतात तशा. पालखी जवळ आली की पुढच्या खांद्याची मुलगी बसलेलीच्या पाठीवर थाप मारून "खो!" म्हणायची. ती उठून खांद्याला लागायची, पहिली तिच्या जागी बसायची, पालखी गेली की पळत पुढे जाऊन पुन्हा बसायची. पालखी कुठे थांबली नाही. दोन्ही आळ्या दोन्ही बाजूंनी धावत होत्या आणि पुढे कोण आहे ते मोजत होत्या, पण मोजेपर्यंत माणूस बदललेला. शीव ओलांडताना पुढचा खांदा कोणाचा होता, हे आता गावात कोणालाच सांगता येत नाही. म्हणून दोन्ही आळ्या आपलाच होता म्हणतात आणि दोन्ही खूश आहेत. शिट्टी मिळाली. बूट मिळाले. खांब उद्या सकाळी रोवू.

शिवेच्या पलीकडे आकाराम मेंढरे घेऊन उभे होते. बिऱ्हाड घोड्यावर चढले होते. पालखी माघारी वळली तेव्हा सोनम मात्र तिथेच उभी राहिली, बापाच्या तोंडाकडे बघत. आकारामनी तिच्या हातात आपट्याचे सुकलेले पान दिले. मग त्यांनी तिला खांद्याला धरून गावाकडे तोंड करून उभे केले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "खो."

सोनम पळाली. मागे वळली नाही, वळायचे नसते. आणि खो दिलेल्याने बसायचे असते म्हणून आकाराम तिथेच शिवेच्या दगडावर बसले, मेंढरे भोवती घेऊन. शनिवारी तिचा खेळ होईस्तोवर उठणार नाही म्हणतात. या माणसाला खेळाचा नियम माहीत आहे, हे मला माहीत नव्हते.

सबब वरील विनंती रद्द समजावी. सोनम आकाराम हिचे नाव संघाच्या यादीत कायम आहे, याची कृपया नोंद घ्यावी. शनिवारी आपण साताऱ्यात असाल तर भाषणात आमच्या कशाचेही कौतुक करू नये, ही हात जोडून विनंती.