रीतसर गांजा

८ जून १९९७
शिवलीलाने माझ्या हातची पेज ओकून टाकली, म्हणून ही वही उघडली. माझी जुनी मैत्रीण. कॅन्सरच्या इंजेक्शनांसाठी ती गडहिंग्लजहून इथल्या दवाखान्यात येते, रात्री माझ्याकडे थांबते. फार गैरसोय होते. पेपरात वाचले: कॅलिफोर्नियात अशा पेशंटांना गांजा बाळगायची, लावायची मुभा आहे. उलटी थांबते म्हणे. आपल्या १९८५ च्या कायद्यातही औषधासाठी परवानगी द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे. मी बॉटनीची पदवीधर, निवृत्त हेडमिस्ट्रेस. चोरून काही करणार नाही.

१० जून
उत्पादन शुल्क ऑफिस. साहेब म्हणाले, "बाई, गांजाचं लायसन मागायला आजवर कोण आलं न्हाय." अर्जावर शिक्का मारून घेतला. शिक्का म्हणजे निम्मी परवानगी.

११ जून
बियांसाठी केरबाच्या दुकानात. माझा जुना विद्यार्थी. "बाई, आत जाशीला की!" शिक्का दाखवला. संध्याकाळी पुडी घरी आणून दिली, माझ्याकडे न बघता. शाळेतही लाजाळूच होता. कुंडीत पेरून टाकले. उरलेली परवानगी पोस्टाने येईलच.

२९ जून
शिवलीलाला चहाही टिकला नाही. कोंब दाखवले. "झुंबे, म्हातारपणी मला गंजेडी करतीस व्हय?" मला झुंबे म्हणणारी आता तीच एक उरली. खूप हसली, मग दमली. बजावले, गणपतीपर्यंत दम धर. बरं म्हणाली. माझे ऐकते ती.
सकाळच्या एसटीने घरी परत गेली. घर शांत. मला शांतताच आवडते. रेडिओ लावला.

२० जुलै
शिवलीला आली, पण कॉटवरून उठली नाही. पाने पंजासारखी, पुस्तकातल्या चित्राबरहुकूम. एक चाखले. आंबट. औषधी अंश असणार. खोडाला बारीक काटे. देशी वाण.

१० ऑगस्ट
शिवलीला आली नाही. रस्त्यावर पाणी असेल. एसटी स्टँडवर म्हणाले, रस्ता चालू आहे. त्यांना काय कळते? ऑफिसला स्मरणपत्र टाकले: रोप कमरेएवढे झाले, परवानगी त्वरित द्यावी.

२१ ऑगस्ट
साहेब दोन पंच घेऊन छापा घालायला आले. कपाटातले चांगले कप काढले. साहेबांनी पान चावले. "बाई, ही अंबाडी हाय. आमच्यात कण्या घालून भाजी करत्यात." पंच हसले. म्हटले, मला कल्पना होतीच. दुसरा चहा नको म्हणाले.
केरबाला जाब विचारला. म्हणाला, "बाई, तुमास्नी न्हाय म्हणायची छाती न्हाय, आन् तुरुंगात धाडायचीबी न्हाय."
संध्याकाळी शिवलीलाच्या मुलाचा, शिवकुमारचा फोन. "मावशी, इंजेक्शनं बंद केली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच असू दे." म्हणजे विश्रांती. योग्य निर्णय.

२३ ऑगस्ट
रोप कापले. एसटीने गडहिंग्लज. शिवलीला उशीत बुडालेली. "पोलिसांनी सोडलं व्हय तुला?" म्हणाली. सोडले, म्हटले.
सुपूर्द केले: अंबाडीची भाजी, लसणाची फोडणी, स्टीलच्या एका डब्यात. घेणार: शिवलीला. दोन घास खाल्ले. मी निघेपर्यंत उलटी नाही.
डबा तिथेच राहिला. चांगला डबा आहे. आणायला जावे लागेल.