मर्सीवरचं डोहाळजेवण

१० मे, शनिवार. ट्रॉय, मिशिगन
बॅग भरून झाली. दोनदा उघडली, दोनदा बंद केली. डिंक, हळीव, खारकेची पूड, बाळंतशेपा, ओवा. वर हिरवी साडी, ब्लाउजचं माप बघायला हवं म्हणून. श्रीने बॅग उचलून पाहिली. "किचनमधलं सिंक तेवढं राहिलं."
केतकीला सहावा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही. जायचं आणि लेकीला घेऊन यायचं. येतानाची दोन तिकिटं काढलीत, सीट शेजारशेजारच्या. ३१ला माझ्या मैत्रिणीच्या, आशाच्या घरी डोहाळजेवण. बायका ठरल्या, मेनू ठरला, फुलवाली ठरली.
श्री: "तिला विचारलंस?"
मी: "आई न्यायला आल्यावर कोण नाही म्हणतं?"
श्री: "तुझी मुलगी."
मग लॉन कापायला गेला. नवऱ्याला कधी काय बोलायचं ते कळत नाही.

१२ मे, सोमवार. वॉलसी, इंग्लंड
पोचले. मँचेस्टरहून डॅनने गाडीतून आणलं. सगळं उलट्या बाजूने, मी बराच वेळ डोळे मिटून. जावई शाळेत भूगोल शिकवतो. उंच, लाजाळू. मला 'आई'च म्हणतो, पण 'आ' इतका लांबवतो की कुठे दुखलंय की काय असं वाटतं.
के. दारात उभी होती. पोट छान दिसतंय. मला रडू आलं, तिला हसू. "आई, यू ब्रॉट द होल दुकान!"
घर विटांचं, अरुंद. आमचं गॅरेज मोठं असेल. वरची छोटी खोली मला दिलीय. खिडकीखाली पलंग, एक सायकल, चार खोकी, भिंतीवर रंगांचे पट्टे मारून ठेवलेत. बाळाची खोली म्हणे. कशाला, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.
तिकिटाचं उद्या बोलू.

१३ मे, मंगळवार
के.ने रजा घेतलीय. न्यू ब्रायटनला नेलं. लांबच लांब फरसबंदी किनारा, पांढरं दीपगृह, बाजूला लाल दगडाचा बुटका किल्ला. पलीकडे लिव्हरपूलच्या गोदीतल्या क्रेन. "ही नदी आहे की समुद्र?" "बोथ, आई." नागपूरच्या माणसाला अशी उत्तरं पटत नाहीत.
वारा मी म्हणत होता. बाकावर बसून बटाट्याचे चिप्स खाल्ले, व्हिनेगर घातलेले. सीगलने एक माझ्या हातातून पळवला. के. इतकी हसली की तिने पोट धरलं. मग म्हणाली, "ही किक्ड!" इंग्रजीतला 'ही', म्हणजे मुलगा आहे का, विचारलं. "इट किक्ड, आई. जस्ट अ वर्ड."
तिकिटाचं बोलणं नाही झालं. एवढी हसत असताना कुठे.

१४ मे, बुधवार
बर्कनहेड पार्क. जुनं. तळं, पूल, बदकं. के. म्हणे, हे बघून न्यूयॉर्कवाल्यांना सेंट्रल पार्क सुचलं. "दे कॉपीड अस." अस! जन्म मिशिगनचा, वाढ ट्रॉयची. मी नुसतं हं म्हटलं.
बागेत फिरताना तिला तीन जणींनी थांबवून विचारलं, कधी आहे तारीख. एक तिची मिडवाइफ निघाली. दोघी माझ्यासमोर दहा मिनिटं बोलत होत्या, मला निम्मं कळलं नाही. इथलं इंग्लिश वेगळंच.

१५ मे, गुरुवार
के. कामावर. विहीणबाईंनी फिरवलं. मी विहीणबाई म्हणते, त्या म्हणतात लिंडा म्हण. त्या चालत पाच मिनिटांवर राहतात. हे मला माहीत होतं, पण पाच मिनिटं म्हणजे काय ते आज चालून बघितलं तेव्हा कळलं.
पोर्ट सनलाइट बघितलं. एका साबणवाल्याने कामगारांसाठी गाव वसवलेलं. प्रत्येक घर वेगळं, बागा नीटनेटक्या, मधोमध चित्रांचं म्युझियम. कुठेही एक कपडा वाळत घातलेला दिसला नाही. साबणाच्या गावात! विहीणबाईंना सांगितलं, त्या रस्त्यात थांबून हसल्या. बाई चांगली आहे.
चहाबरोबर त्यांनी पिशवीतून बाळाचं पिवळं स्वेटर काढलं. ऑगस्टची रजा टाकलीय म्हणाल्या. रात्री जागायला त्या, दिवसा डॅन.
मला जळफळाट झाला. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय. स्वेटर सुरेख होतं, त्याचाही राग आला.

१७ मे, शनिवार
व्हायचं ते झालं.
वेस्ट कर्बीला गेलो, मी, के. आणि डॅन. समुद्राला लागून बांधलेलं मोठं तळं आहे. त्याच्या बांधावरून गोल फेरी मारतात. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला समुद्र, लांबून बघितलं तर माणसं पाण्यावर चालतायत असं दिसतं. दूर एक बेट. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीच्या आत परत यावं लागतं, असं डॅन भूगोलाच्या सरांसारखं सांगत होता.
निम्म्या फेरीत के.चा फोन टिंगटिंग वाजायला लागला. मी ट्रॉयच्या बायकांचा 'केतकीचं डोहाळजेवण' नावाचा ग्रुप केला होता. आशाने तिला त्यात अ‍ॅड केलं! उत्सवमूर्ती ग्रुपमध्ये कशी नाही, म्हणून. झालं. "वेलकम होम केतकी!" "पुरणपोळी की श्रीखंड?" "३१ला हिरव्या बांगड्या मी आणतेय गं."
के. थांबली. "आई, व्हॉट इज थर्टी-फर्स्ट?"
सांगितलं. तिकिटासकट सांगितलं. डॅन बिचारा समुद्राकडे बघत उभा. तिथून दुसरीकडे जायला वाटच नाही, पुढे नाहीतर मागे.
"तू मला विचारलं नाहीस."
"पहिलं बाळंतपण माहेरी असतं, के."
"माझी मिडवाइफ इथे आहे. डॅन इथे आहे. मला तिकडे इन्शुरन्स पण नाही, आई. आय लिव्ह हिअर."
मग मी ऐकवायचं ते ऐकवलं. तिच्या वेळी मिशिगनमध्ये जानेवारी, गुडघाभर बर्फ, आईला व्हिसा मिळाला नाही. श्री ऑफिसात. आशा तेव्हा नवीनच ओळखीची, ती मऊ भात नि मेतकूट डब्यात घालून आणायची, म्हणून मी तग धरला. अंगाला तेल लावायला कुणी नाही. मी बाथरूमचा नळ सोडून रडायचे. तुझ्यावर ती वेळ यायला नको, एवढंच आहे माझं.
तिने फोन खिशात टाकला. मग मराठीत, सावकाश, शब्द शोधत: "तुला तेव्हा नागपूरला जायचं होतं?"
खरं सांगायचं तर नाही. श्रीला सोडून, नवं घर सोडून मला कुठेही जायचं नव्हतं. आईने यावं, एवढंच वाटत होतं.
"नाही," म्हटलं.
"मग?"
उरलेली फेरी पूर्ण केली. डॅनने मला हात धरून पायरीवरून उतरवलं.

१८ मे, रविवार
के. वर, मी खाली. डॅनने तीनदा चहा केला.

१९ मे, सोमवार
आशाला फोन. कॅन्सल कर म्हटलं. ती रडवेली. "मीच घाण केली ना गं?" तिला म्हटलं, नाही, मीच. श्रीने फोनवर 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. त्याला तीस वर्षांत एकदा तरी कळलं.
संध्याकाळी के. माझ्या शेजारी येऊन बसली. हळिवाची खीर दिली, पिऊन टाकली, तोंड वाकडं करून. म्हणाली, "ये ना ऑगस्टमध्ये. टू वीक्स."
"सव्वा महिना असतो, के. बाळंतिणीला सव्वा महिना बघायचं असतं."
"आई! टू वीक्स."
बाजारात भाजी घेतो तसं चाललं होतं. मी उठून भांडी घासली.

२१ मे, बुधवार
विहीणबाईंकडे चहा. डोहाळजेवण म्हणजे काय विचारत होत्या, के.ने सांगितलं असणार. सांगितलं. फुलांचे दागिने, ओटी, आवडीचं जेवण, झोपाळ्यात बसवतात, चांदण्यात करतात, कुणी हौशी असेल तर नावेत करतात. माझ्या मावशीचं झालं होतं तलावात, नाव सजवून.
विहीणबाई कप खाली ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडे बोट आहे की!"
मर्सी नदीवरची फेरी बोट. सीकोंबच्या धक्क्यावरून सुटते, नदीत फिरवून आणते. या बाईला सुचलं, मला नाही!
घरी आल्यावर के.ला विचारलं. हो, विचारलं. आधी विचारलं.
"साडी नेसावी लागेल?"
"नको वाटलं तर नको."
"नेसते. बट नो सिंगिंग, आई."

२४ मे, शनिवार
काल दिवसभर स्वयंपाक. मसालेभात, पुऱ्या, अळूवडीला अळू नाही म्हणून पालकाची. पेढे दुधाच्या पावडरचे, बर्फी नारळाची. मोगरा कुठला, सुपरमार्केटची पांढरी कार्नेशनं ओवून बाजूबंद, कंबरपट्टा, वेणी. विहीणबाईंनी बिंदी केली, विणायची सुई वापरून. माझ्यापेक्षा सुबक.
सकाळी साडी नेसवली. ब्लाउज जमलं. वरून रेनकोट, पायात बूट. डॅन बघतच राहिला.
बोट बरीच मोकळी होती. वरच्या डेकवर वाऱ्याने फुलं उडायला लागली, मग खाली खिडकीशी बसलो. भोंग्यावर एक माणूस गोदी, जहाजं, पलीकडच्या इमारती सांगत होता, के. मधे आणि तिच्या पदरात मी ओटी भरतेय. खण, तांदूळ, नारळ. मग विहीणबाईंनी भरली. त्या घटस्फोटित, आमच्या नागपूरच्या आत्याने नाक मुरडलं असतं. मी नारळ त्यांच्या हातात दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. 
पलीकडच्या बाकावरची एक म्हातारी विचारायला आली, काय चाललंय. तिलाही हळदकुंकू लावलं, पेढा दिला. ती उतरेपर्यंत आमच्यातच बसली.
दोन वाट्या उपड्या ठेवल्या, एका खाली पेढा, एका खाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी तर मुलगी. के.ने बर्फीची उचलली. डॅनने तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे, आणि दोघं हसली. काय ते मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.
गाणं म्हणायचं नाही ठरलं होतं. बोट वळली, ऊन आलं, के. म्हणाली, "म्हण ना, आई. एकच." म्हटलं. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला. विहीणबाईंनी शब्द कळत नसताना ठेका धरला.
आज मी सुखी आहे. तिला इथे सोडून जायचंय, तरी.

२६ मे, सोमवार. विमानात
शेजारची सीट रिकामी. तिकीट तिचं, त्यामुळे दुसरं कुणी आलं नाही. पर्स ठेवली, मग शाल ठेवली. एअर होस्टेस म्हणाली, आरामात बसा, दोन सीट मिळाल्या. हो म्हटलं.
निघताना के. दारात बराच वेळ गळ्यात पडून होती. पोट मधे. ऑगस्टचं पुन्हा निघालं नाही. दोन आठवड्यांवर ती, सव्वा महिन्यावर मी, तिथेच राहिलं. डिंक तिच्या कपाटात ठेवून आलेय. कसा तळायचा ते विहीणबाईंना दाखवलंय.

३१ मे, शनिवार. ट्रॉय
आज आशाच्या घरी पंचवीस बायका असायच्या. ती एकटीच माझ्याकडे आली, श्रीखंड घेऊन. बोटीतले फोटो दाखवले. तिने ते पुन्हा पुन्हा मोठे करून बघितले. विहीणबाईंच्या हातातल्या नारळावर बोट ठेवून म्हणाली, "हिला कुणी शिकवलं गं?" मी म्हटलं, मीच.
श्रीने जेवताना विचारलं, ऑगस्टचं तिकीट बघू का. थांब म्हटलं. तो चमचा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला.
दुपारी के.चा मेसेज. छोट्या खोलीचा फोटो. सायकल गेली, खोकी गेली, भिंती पिवळ्या. एका बाजूला पाळणा, आणि खिडकीखाली माझा तोच पलंग, हलवलेला नाही. खाली लिहिलंय: आई, डॅन विचारतोय, सव्वा महिना म्हणजे नेमका किती?
आशा म्हणाली, दोन महिने सांग, त्यांना काय कळतंय. श्री म्हणाला, खरं ते सांग.
संध्याकाळपर्यंत फोन हातात घेऊन बसले. लिहिलं, पुसलं. परत लिहिलं: तू म्हणशील तेवढा.
हे काही उत्तर नव्हे. तरी पाठवून दिलं.
तिकडे ती झोपली असेल. अजून वाचलेलं नाही.